घोडा आणि ट्रेलर: पत्रिका जुळवा, मगच टोकन द्या



उरण-पनवेल पट्ट्यात धंदा म्हटलं की ट्रेलरचं नाव निघतंच. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांपुढे गाडी उभी राहिली. पण गाडी घेताना बरेच जण दोनच प्रश्न विचारतात: किंमत किती आणि हप्ता किती? तिसरा राहून जातो: हा घोडा हा ट्रेलर नुसता ओढेल, की घाटात थांबवेलही?

घोडा म्हणजे पुढचं इंजिनवालं धूड. त्याच्या पाठीवरची ग्रीस लावलेली गोल प्लेट म्हणजे फिफ्थ व्हील. जुन्या घोडागाडीत पुढची चाकं वळावीत म्हणून एक आडवं चाक असायचं, ते पाचवं. नाव तिथून आलं. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात असाच जोड बसवून मागे राहतं घर ओढतात. गाडी लहान असो की मोठी, गणित एकच.

पहिलं गणित: एकूण वजन

समजा, कळंबोलीत तुम्ही सहा टायरचा घोडा आणि तीन एक्सलचा फ्लॅटबेड ट्रेलर बघितला. रिकामा घोडा ७ टन, ट्रेलर ८.५ टन, म्हणजे १५.५ टन. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलची मर्यादा वाढवली. त्याप्रमाणे या जोडीला ४५.५ टन चालतात: पुढच्या एक्सलवर ७, घोड्याच्या मागच्या एक्सलवर ११.५ आणि ट्रेलरच्या तिन्हींवर मिळून २७. म्हणजे माल ३० टन.

पण घोडा जुना असेल आणि आरसीवर ४०.२ टनच असेल तर? तोच ट्रेलर, पण माल फक्त २४.७ टन! दर फेरीला पाच टनांहून जास्त भाडं गेलं. हप्ता मात्र तेवढाच.

पार्टी म्हणेल, "३४ टन कॉइल आहे, टाक की!" ३० टनांच्या जोडीवरही हा ४ टन ओव्हरलोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. झाले २८ हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. आणि बोरघाट उतरताना ब्रेक तापले तर पावती फाडून विषय संपत नाही. तिथे तुमचा ड्रायव्हर बसलेला असतो.

दुसरं गणित: वजन कुठे बसतंय

एकूण वजन बरोबर असलं तरी माल फार पुढे आला, तर घोड्याच्या मागच्या एक्सलवर ११.५ च्या वर जातं. फार मागे गेला, तर ट्रेलरचे एक्सल दबतात, घोड्याची मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. मग ट्रेलर मागून ढकलतो आणि गाडी मध्येच दुमडते.

उपाय सोपा आहे. भरलेली गाडी वजनकाट्यावर अशी घ्या की फक्त घोड्याची चाकं काट्यावर येतील. त्या आकड्यातून रिकाम्या घोड्याचं वजन वजा करा. उरलं ते किंगपिनवर आलेलं वजन. फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर कंपनीने दिलेल्या मर्यादेत ते बसतंय का बघा. मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून प्रत्येक एक्सलचा आकडाही बघून घ्या.

कंटेनर असेल तर दारावरची प्लेट वाचा. २० फुटी बॉक्स भरून ३०.४८ टनांपर्यंत जाऊ शकतो. एक्सपोर्टच्या भरलेल्या बॉक्सला १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे प्रमाणित वजन, बंधनकारक आहे. तो आकडा मागून घ्या. जड २० फुटी बॉक्स ४० फुटी ट्रेलरवर टोकाला नको, मधल्या लॉकवर बसवा. आणि चारही ट्विस्ट लॉक बंद!

तिसरं: जोड

किंगपिन दोन इंची आणि साडेतीन इंची अशा दोन मापांत येते. घोड्याचा जबडा त्याच मापाचा हवा. जुनी गाडी असेल तर झिजही मोजून घ्या. प्लेटची उंची जुळली नाही, तर ट्रेलर नाक वर करून किंवा खाली घालून चालतो आणि एक्सलवरचं वजन बिघडतं.

जोडल्यावर ड्रायव्हरने टॉर्च घेऊन खाली वाकायचं. जबडा बंद आहे? प्लेटमध्ये फट नाही? मग ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलका झटका द्यायचा. सुटला नाही, तर हवेचे पाइप आणि लाइटची केबल तपासायची, पाय पूर्ण वर घ्यायचे. पाच मिनिटांचं काम.

टोकन देण्याआधी

घोडा आणि ट्रेलरची नोंदणी वेगवेगळी असते. म्हणून दोन्ही आरसी, दोन्ही फिटनेस, दोन्ही इन्शुरन्स बघा. मग कागदावर सगळ्या मर्यादा एकाखाली एक लिहा: घोड्याची आरसी, ट्रेलरची आरसी, प्रत्येक एक्सल, फिफ्थ व्हील, टायर. प्रत्येक मर्यादेत किती माल बसतो ते काढा. सगळ्यात लहान आकडा, तोच तुमचा आकडा. भाडं त्यावर ठरवा, हप्ता त्यावर बसवा. त्या आकड्यावर हप्ता बसत नसेल, तर तो सौदा तुमचा नाही. दुसरी जोडी बघा, बाजारात गाड्यांना तोटा नाही.