लाल औषधाचा हिशेब

भूम आणि परंडा हे धाराशिव जिल्ह्यातले तालुके कॅन्सरच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत. शेजारच्या बार्शीसह या तालुक्यांत १९८७ पासून गावोगाव हिंडून कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली कॅन्सर नोंदणी, आणि तिच्यामागे बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आणि डॉ. बी. एम. नेने यांच्यासारखी माणसं. पुढे १९९९ मध्ये याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा २००९ साली जाहीर झालेला निष्कर्ष इथल्याच बायकांमुळे जगाला मिळाला.

एवढी मोजदाद झालेल्या या मुलखात एक आकडा मात्र ज्याचा त्याला क्वचितच माहीत असतो. आपल्या अंगात ‘लाल औषध’ एकूण किती गेलं, हा तो आकडा.

केमोच्या वॉर्डात हे औषध कुणालाही ओळखता येतं. बाकीची औषधं पाण्यासारखी, हे डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. नर्स ते चालू सलाईनमधून हळूहळू सोडते आणि शीर पुन्हा पुन्हा बघत राहते, कारण शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळून जखम होते. पुढचा दिवसभर लघवी लाल होते. कुणी आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरतात. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो.

याचं नाव डॉक्सोरुबिसिन, जुनं व्यापारी नाव ॲड्रियामायसिन. जन्म इटलीतला आणि मातीतला. तिथल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत संशोधकांना लाल रंग तयार करणारा एक जिवाणू सापडला. त्यातून आधी डाउनोरुबिसिन मिळालं, मग त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून १९६० च्या दशकाअखेरीस डॉक्सोरुबिसिन. ही अँथ्रासायक्लिन कुळातली औषधं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, काही प्रकारचे रक्ताचे कॅन्सर, हाडामांसाच्या गाठी यांवर ती आजही हुकमी आहेत.

पेशीतल्या डीएनएला चऱ्हाटासारखे पीळ पडतात. ते सोडवायला टोपोआयसोमेरेज-२ नावाचं एन्झाइम तो धागा कापतं, पीळ काढतं आणि पुन्हा जोडतं. हे औषध त्याला कापल्यानंतर अडवून धरतं. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीत या एन्झाइमचा ‘अल्फा’ प्रकार भरपूर असतो. हृदयाच्या स्नायूत अल्फा जवळपास नसतो, पण ‘बीटा’ असतो, आणि औषध त्यालाही सोडत नाही. औषध आणि लोह मिळून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, हे हृदयाच्या इजेचं जुनं स्पष्टीकरण. बीटाशिवायच्या उंदरांचं हृदय औषधापासून वाचतं, हे २०१२ मध्ये दिसलं तेव्हा ते मागे पडलं. गेलेल्या पेशींच्या जागी नव्या आणणं हृदयाला फारसं जमत नाही. म्हणून प्रत्येक डोसाचं नुकसान आधीच्यात मिळवलं जातं. दोन डोसांत वर्षाचं अंतर असलं तरी बेरीज पुसली जात नाही.

या बेरजेचं माप शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिलिग्रॅम असं धरतात. स्तनाच्या कॅन्सरला बहुधा ६० चे चार डोस, म्हणजे २४०. २००३ सालच्या एका अभ्यासात एकूण ४०० पर्यंत हृदय निकामी होण्याचं प्रमाण ५ टक्के, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के निघालं. म्हणून डॉक्टर सहसा ४५० ते ५५० च्या पुढे जात नाहीत. नेहमीच्या कोर्सात आपण त्या रेषेच्या बरेच अलीकडे असतो, तेव्हा हा लेख वाचून कुणी केमो अर्धवट सोडू नये. तो मूर्खपणा ठरेल. पण वय जास्त, बीपी, मधुमेह, छातीच्या डाव्या बाजूला रेडिएशन किंवा सोबत ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध असेल तर धोका कमी डोसातही वाढतो. लहानपणी हे औषध घेतलेल्यांत त्रास कित्येक वर्षांनी डोकं वर काढू शकतो.

उपायही आहेत. डेक्स्राझोक्सेन हे संरक्षक औषध आहे. डॉक्सोरुबिसिन चरबीच्या सूक्ष्म वेष्टनात भरायची युक्ती आहे. अमेरिकेत तशा औषधाचा तुटवडा पडला तेव्हा २०१२ साली मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिकडे मागवावं लागलं होतं. पण सगळ्यात उपयोगी आणि आवाक्यातली गोष्ट म्हणजे टू-डी इको, हृदयाची सोनोग्राफी. इटलीत या कुळातली औषधं घेतलेल्या २,६२५ रुग्णांवर इकोने नजर ठेवली, तेव्हा ९ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम दिसला आणि त्यातल्या ९८ टक्क्यांचा पहिल्या वर्षातच. लगेच हृदयाची औषधं सुरू केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली, मात्र पूर्ववत झाले ते फक्त ११ टक्के.

आपल्याकडे अडतं ते कागदावर. केमो बार्शीला, सोलापूरला, पुण्याला नाहीतर मुंबईला टाटात. दोन-चार वर्षांनी जिना चढताना दम लागला, पाय सुजले, तर दाखवायचं गावच्या डॉक्टरला. त्यांना जुन्या केमोचा पत्ता नसतो, रुग्णालाही सांगायचं सुचत नाही. मग दमा किंवा अशक्तपणा समजून महिने जातात.

घरात कुणी केमो घेतली असेल तर आजच फाइल काढा. औषधाचं नाव, एकूण डोस आणि शेवटच्या इकोची तारीख डिस्चार्ज कार्डावर आहे का बघा. नसेल तर जिथे उपचार झाले तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे जाताना तो कागद न मागता पुढे करा.