ट्रान्सफर केस : मजबुती कशी जोखावी?

गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. फर्दापूर परिसरातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात रुतलेली फोर बाय फोर गाडी निघते ती हिच्याच जोरावर.

■ गिअरची पेटी : दातात दात थेट अडकतात. आवाज जास्त, पण धक्के सोसण्यात सरस. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलीज जीपची पेटी याच जातीची. अमेरिकी ट्रकांमधली बिडाची ‘एनपी २०५’ मजबुतीसाठी नावाजलेली.

■ चेनची पेटी : पुढच्या चाकांची ताकद साखळीतून जाते. या जातीच्या ‘एनपी २०८’चे कवच ॲल्युमिनियमचे, म्हणून वजन कमी; चेनमुळे आवाजही कमी. मात्र चेन वापराने सैल होते आणि भाराखाली दात सोडते.

■ ‘लो’चा आकडा म्हणजे मजबुती नव्हे : ‘लो’ म्हणजे पेटीतला ओढ वाढवणारा संथ गिअर. २०५ चा ‘लो’ १.९६, तर २०८ चा २.६१. दुसरीत ओढ जास्त वाढते, तरी दणकट पहिलीच.

■ भाराचा हिशेब : इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ४ पट असेल, तर पेटीत १,२०० येतात. २.५ च्या ‘लो’मध्ये तेच ३,००० होतात.

■ घाटात जपा : वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसेल, तर अजिंठा घाटातल्या कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नका. पेटीवर नाहक ताण येतो. तेलाची पातळी आणि ऑइल सील नियमित तपासा.