तरत्या गोदीची जोडणी

जहाजाचा तळ दुरुस्त करावयाचा तर तें पाण्याबाहेर काढलें पाहिजे. आणि जेथें किनाऱ्यास दगडी गोदी नाहीं, तेथें गोदीनेंच जहाजाकडे गेलें पाहिजे. तरती गोदी हें काम करिते. पोकळ पोटांत पाणी घेऊन ती खालीं बसते, जहाज आंत शिरतें. पाणी उपसलें कीं जहाजासह ती वर येते.

१९४४ सालीं पॅसिफिक महासागरांतील मॅनस बेटाच्या बंदरांत अमेरिकेनें अशी एक प्रचंड गोदी जोडली. तिचे खंड समुद्रावरून निरनिराळे ओढून आणले. वाटेंत ते कलंडूं नयेत म्हणून त्यांच्या बाजूच्या उंच भिंती आडव्या निजविल्या होत्या. बंदरांत त्या उभ्या केल्या, पोटांतील पाणी कमीजास्त करून सर्व खंड एका पातळीस आणले, आणि सांधे वेल्डिंगनें पक्के केले. डिसेंबरांत ‘आयोवा’ ही अवाढव्य युद्धनौका तींत चढली.

सांधे जुळले म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. त्याच वर्षीं ८ ऑगस्ट रोजीं त्रिंकोमाली येथें ‘व्हॅलियंट’ ही ब्रिटिश युद्धनौका उचलतांना टाक्या उपसण्याचा क्रम चुकला. गोदीचा कणाच मोडला, ती बुडाली, आणि नौकेचे दोन पंखे व एक सुकाणू अडकलें. भार कोठें किती आहे हें ओळखूनच प्रत्येक टाकी हलकी करावयाची असते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको!