दोन रुपयांचें मंत्रिपद

मंत्रिमंडळ गडगडलें ही वार्ता आज कोणास नवलाची वाटत नाहीं. परंतु शतकापूर्वीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलांत जो प्रकार घडला, त्याची आठवण वऱ्हाडांतल्या घरांतूनही आतां पुसट होत चालली आहे. १९२४ सालीं या कौन्सिलानें आपल्या मंत्र्यांचें वेतन सालिना दोन रुपये ठरविलें, आणि मंत्री घरीं गेले. हा केवळ थट्टेचा विषय नव्हता. पक्षावांचून मंत्री आणि मंत्र्यांवांचून पक्ष, या दोन्ही अवस्था या प्रांतानें लागोपाठ अनुभविल्या. आणि त्यांतून जो धडा निघाला, त्याशीं अमरावती व अकोला या दोन नगरांचीं नांवें कायमचीं निगडित झालीं आहेत.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें प्रांतिक कारभाराचे दोन भाग केले. शिक्षण, आरोग्य, शेती, सहकार, अबकारी, स्थानिक स्वराज्य हीं ‘सोपीव’ खातीं मंत्र्यांकडे आलीं. जमीनमहसूल, पोलीस आणि मुख्य म्हणजे तिजोरी हीं ‘राखीव’ खातीं गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ यांच्याकडे राहिलीं. यास द्विदल राज्यपद्धति म्हणत. आमच्या शास्त्रकारांनीं ‘अर्धजरतीय’ नांवाचा एक न्याय सांगितला आहे. एकच स्त्री अर्धी वृद्ध आणि अर्धी तरुण असूं शकत नाहीं, असा त्याचा आशय. द्विदल पद्धतीस याहून समर्पक उपमा सांपडणें कठीण. शाळा काढावयाची एकानें आणि पैशाच्या थैलीचें तोंड दुसऱ्याच्या हातीं!

वऱ्हाडची गोष्ट तर याहूनही निराळी. १९०२ च्या करारान्वयें निजामानें हा प्रांत इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्यानें दिला, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताशीं जोडला गेला. परंतु स्वामित्व नांवाला निजामाचेंच राहिल्यामुळें कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. म्हणून अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या जिल्ह्यांचे प्रतिनिधि प्रथम मतदारांनीं निवडावयाचे आणि मागाहून गव्हर्नरानें त्यांस रीतसर नेमावयाचें, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

१९२१ सालचें पहिलें कौन्सिल भरलें तेव्हां काँग्रेसनें निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. निवडून आलेले बहुतेक गृहस्थ स्वतःच्या नांवावर, वकिलीच्या अथवा मालगुजारीच्या वजनावर आले होते. त्यांत नेमस्त विचारांचे अनेक होते. पण एका शब्दानें मत देणारा, बांधलेला असा पक्ष नव्हता. अशा सभागृहांत मंत्र्यास आधार कशाचा? कांहीं स्नेह्यांचा, आणि उरलेला सरकारी सभासदांच्या मतांचा.

हा अनुभव आमच्याच वांट्यास आला असें मात्र नाहीं. न्यूझीलंडमध्यें १८५६ सालीं हेन्री स्यूएल यांचें पहिलें जबाबदार मंत्रिमंडळ पुरता पंधरवडाही टिकलें नाहीं. त्याच वर्षीं न्यू साउथ वेल्समध्यें डोनाल्डसन यांचें मंत्रिमंडळ जूनमध्यें आलें आणि ऑगस्टमध्यें गेलें. तेथेंही पक्ष अद्याप घडले नव्हते. चार सभासदांचें मन पालटलें कीं राज्यकारभार पालटे. भेद इतकाच कीं, तेथें एक मंत्री जातांच दुसरा पुढें येई. आमच्याकडे तसें घडलें नाहीं.

१९२३ च्या निवडणुकींत चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष उतरला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत त्यास स्पष्ट बहुमत मिळालें. नागपूरचे डॉक्टर मुंजे व बिलासपूरचे राघवेंद्र राव हे त्याचे पुढारी. मंत्रिपदें स्वीकारावयाचीं नाहींत, आंत शिरून ही पद्धति बंद पाडावयाची, असा पक्षाचा संकल्प होता. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं शंकरराव चिटणवीस व सय्यद हिफाजत अली यांजकडे सोपीव खातीं दिलीं. जानेवारी १९२४ मध्यें त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव झाला. मार्चमध्यें अंदाजपत्रकाच्या मागण्या नामंजूर झाल्या आणि वेतन दोन रुपयांवर आलें. मंत्र्यांनीं राजीनामे दिले. हे दोघे गृहस्थ अयोग्य होते म्हणून पडले असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्यामागें कोणी नव्हतें आणि समोर पक्ष होता, एवढेंच त्यांच्या पतनाचें कारण.

विजय तर झाला. परंतु परिणाम काय? सोपीव खातीं गव्हर्नरानें स्वतःकडे घेतलीं, आणि १९२६ अखेरपर्यंत प्रांतास मंत्रीच उरले नाहींत. खातें चालू ठेवण्यापुरता आवश्यक खर्च मंजूर करण्याचा अधिकार गव्हर्नरास होता. नवीन शाळा, नवीन दवाखाना यांसाठीं भांडणारा लोकांचा माणूस मात्र सरकारांत राहिला नाहीं. द्विदल पद्धति पोकळ आहे हें जगास दिसलें, हें खरें. पण त्या पोकळींत राहावयाचें होतें तें आमच्याच गांवकऱ्यांस.

हा विचार पक्षांतल्याच लोकांस बोचूं लागला होता. ऑक्टोबर १९२५ मध्यें गृहमंत्रिपदाच्या तोडीची कार्यकारी मंडळांतील जागा, जी अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांजकडे होती, ती अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनीं स्वीकारली. तांबे हे स्वराज्य पक्षाचे, आणि त्या वेळीं कौन्सिलाचे अध्यक्ष. पक्षांत एकच गहजब उडाला. मोतीलालजींनीं त्यांचा निषेध केला; न. चिं. केळकर, जयकर व मुंजे यांनीं पाठराखण केली. फेब्रुवारी १९२६ मध्यें अकोल्यास बैठक होऊन प्रतियोगी सहकारितेचा निराळा पक्ष उभा राहिला. यवतमाळचे बापूजी अणे त्यांतील एक प्रमुख होते. पुढल्याच वर्षीं राघवेंद्र राव स्वतः मंत्री झाले, आणि त्यांचे सहकारी होते अमरावतीचे रामराव देशमुख. ज्यांनीं खुर्ची मोडली त्यांसच ती दुरुस्त करून तिच्यावर बसावें लागलें! तांबे तर १९२९ सालीं कांहीं काळ हंगामी गव्हर्नरही झाले.

यांत कोणी तत्त्वच्युति पाहिली, कोणी शहाणपण. आम्हांस दोन्ही पक्षांचा अर्धाअर्धा भाग खरा वाटतो. पक्षावांचून मंत्री हा त्रिशंकूसारखा. त्यास पाय टेकावयास भूमि नाहीं. पण राज्य चालविण्याची जबाबदारीच नको म्हणणारा पक्ष हाही भिंत पाडणाऱ्या गवंड्यासारखा; त्यास पाडण्याची विद्या येते, पण घर बांधून होत नाहीं. लोकसत्तेस दोहोंची सांगड लागते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एका वाक्यांत सांगून संपते. वऱ्हाडानें ती तीन वर्षें मंत्र्यांवांचून काढून शिकली.