झेनला टर्बो, पाच पीएसआयपुरता

सकाळी 8.10
भोपाळच्या तुलसी नगरात दुसऱ्या स्टॉपच्या मागं, सरकारी क्वार्टरांच्या रांगेला लागून एक पत्र्याची शेड आहे. भाऊ शटर खांद्यानं वर ढकलतात. आत 2001 सालची मारुती झेन स्टँडवर चढवलेली. बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय. मागच्या दारावर ‘16×4 हायपरटेक’चा बिल्ला अजून शाबूत आहे. म्हणजे सोळा बिटचा कॉम्प्युटर आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. इंजिन 993 सीसी. नवी होती तेव्हा साठ बीएचपी. त्यातले आज किती उरलेत ते विचारायचं नाही.

आज तिला टर्बो बसायचाय. काम तीन आठवडे रेंगाळलंय, कारण ते फावल्या वेळातलं. शेडचं भाडं साडेपाच हजार. ते क्लच प्लेटा, ब्रेक शू आणि ऑइल बदलण्यातून निघतं.

भाऊंचे वडील नागपूरचे. 1956 साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तसे सचिवालयातले कारकून फायलींसकट इकडं आले, त्यातले ते एक. म्हणून भाऊंची मराठी नागपूरची आणि शिव्या भोपाळच्या.

सकाळी 8.40
पोरगा पोहे-जिलबी घेऊन येतो. गोविंदपुऱ्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन निघालेला. रोज साडेचारशे रुपये, पोहे वेगळे. खाता खाता तो मोबाइल दाखवतो. सुझुकीनं 1987 मध्ये जपानात अल्टो वर्क्स काढली. साडेपाचशे सीसीचं इंजिन, त्यावर टर्बो, चौसष्ट हॉर्सपॉवर.

“कंपनीनं बनवली ना बे ती,” भाऊ म्हणतात. “आपण तर कबाडातून बनवून राहिलो.”

सकाळी 9.00
टर्बो बाकावर. मुठीत मावेल एवढा. केपी 35, स्विफ्ट डिझेलमधून निघालेला. कबाडखान्यात साडेसहा हजार सांगितले, बेचाळीसशेला दिला. तिथं हे ढिगानं येतायत. ते 1.3 चं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, मानेसरला बनायचं आणि अर्ध्या देशाच्या गाड्यांत बसायचं. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं. पहिल्या स्विफ्टा आता भंगारात निघतायत.

भाऊ शाफ्टचं टोक चिमटीत धरतात. वर-खाली किंचित हलतो. तो चालतो, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि आत्ता ऑइल नाही. मग आत-बाहेर ओढून बघतात. जराही नाही. इथं खेळ असता तर टर्बो परत. पूर्ण वेगात हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फिरतो. पंख्याची पाती नखानं एकेक तपासली जातात.

सकाळी 9.20
पुढचं काम सायकलच्या पंपाचं.

डिझेलला जास्त दाब लागतो. तेवढा दाब या पेट्रोल इंजिनात गेला तर पिस्टन फुटतील. दाब किती चढू द्यायचा ते वेस्टगेट ठरवतं आणि वेस्टगेट उघडतो ॲक्च्युएटर, म्हणजे एक डबी, आत स्प्रिंग, बाहेर सळई. मूळ स्प्रिंग कडक. म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी टर्बोची मऊ स्प्रिंगवाली डबी सहाशेला आणलीय आणि पट्टी वाकवून बसवलीय. आता ती खरंच कितीला उघडते ते बघायचं.

डबीला रबरी नळी, नळीला टी, टीच्या एका तोंडाला घड्याळ, दुसऱ्याला पंप. पोरगा पंप मारतो. भाऊ सळईवर बोट ठेवून बसतात. तीन. चार. काही नाही. सहा. साडेसहाला सळई सरकते.

“जास्त आहे.”

लॉकनट सैल, सळई दीड आटा लांब. पुन्हा पंप. पावणेसहा. आणखी एक आटा. पाचला सरकते. पुन्हा करून बघतात, पुन्हा पाच. घड्याळावर नजर एकदाच, बाकी सगळा वेळ बोटाकडं लक्ष. यात अर्धा तास जातो. बिलात याची ओळ नसेल.

सकाळी 10.15
एक अल्टो. फॅन बेल्ट. अडीचशे रुपये, वीस मिनिटं.

सकाळी 11.00
टर्बोसाठी बनवलेल्या मॅनिफोल्डवर स्टीलची पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसतो. फीलर गेज घालून बघितलं तर 0.3 मिलिमीटर. आर्गन वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज वाकलाय. असाच आवळला तर गॅस्केट आठवडाभरात जळेल.

स्कूटर काढून गोविंदपुरा. भेलच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या छोट्या वर्कशॉपांची ही वसाहत. दहा मिलिमीटरच्या पाट्यांचे फ्लँज इथंच कापले, वाफेच्या लायनीला लागतात ते जाड एल्बो इथंच घेतले. लेथवाला मॅनिफोल्ड चकमध्ये धरायला बघतो. आकार वेडावाकडा, धरता येत नाही. मग मिलिंग मशीनवर. तीन हलके कट. चारशे म्हणतो, तीनशे घेतो.

दुपारी 12.45
मॅनिफोल्ड चढतो. त्याआधी त्याच्याभोवती हीट रॅप गुंडाळायचा. काचतंतूची पट्टी. बादलीत भिजवून, ओढून, अर्ध्यावर अर्धी चढवत. हातमोजा एकच आहे, तो पोराला दिलाय. भाऊंच्या मनगटावर लाल पुरळ उठतं. ते रॉकेलनं हात पुसतात, मग साबणानं, मग खाजवतात.

मागचा नट सगळ्यात वाईट. पाना शिरतो, फिरत नाही. एक जुना पाना ग्राइंडरवर घासून बारीक केलाय, तो एका वेळी एक षष्ठांश आटा वळतो. पोरगा खालून, भाऊ वरून. अकरा मिनिटं एका नटाला.

दुपारी 2.10
कडुनिंबाच्या सावलीत डबे. ही झाडं दोनदा वाचलीत. 2016 मध्ये भोपाळची स्मार्ट सिटी शिवाजी नगर-तुलसी नगरात होणार होती, लोकांनी विरोध केला आणि ती टी. टी. नगरला गेली. 2024 मध्ये मंत्री-आमदारांच्या घरांसाठी पुन्हा हजारो झाडं जायची होती. लोक झाडांना बिलगून उभे राहिले, तेही थांबलं. क्वार्टर राहिले, म्हणून गिऱ्हाईक राहिलं, म्हणून शेड राहिली.

जेवण झाल्यावर डायरी. सामान आत्तापर्यंत 28,500. त्यात टर्बो 4,200. बाकी काय? इंटरकूलर, नळ्या, होज, क्लॅम्प, आर्गनवाला, सायलेन्सरचा पुढचा पाइप, पेट्रोलचा रेग्युलेटर, ऑइलच्या लायनी, स्टड.

“टर्बो स्वस्तच असते हो,” भाऊ म्हणतात. “आजूबाजूचं महाग.”

हे वाक्य गिऱ्हाइकांना आधी सांगायला हवं असं मला वाटतं. भाऊ म्हणतात, सांगितलं तर कोणी येणारच नाही.

दुपारी 3.00
ऑइल. टर्बो मरतात ते बहुतेक इथं. येणारी लायन बारीक, प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून घेतलेली. परतीची मात्र अंगठ्याएवढी जाड, कारण परत जाताना ऑइलला मागून ढकलणारं कोणी नाही. ते उतारानंच संपमध्ये पडलं पाहिजे. भाऊ होज दोनदा कापतात. पहिल्या खेपेला मधे किंचित झोल राहिला होता. एवढ्याशा झोलात ऑइल तुंबतं, सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

मग नवं सेमी-सिंथेटिक, साडेतीन लिटरचा कॅन. फिल्टर धरून एकवीसशे, डायरीत आधीच धरलेले.

दुपारी 4.30
मालक येतो. सत्तावीस वर्षांचा, खासगी कंपनीत वसुलीला. गाडी वडिलांची. टर्बोवाली बलेनो आरएस जुनी घेतली तरी काही लाख. हे चाळीस हजारांत ठरलंय.

“आज घरी नेऊ ना?”

“चालवत नाही. दोरानं ओढून.”

भाऊंचा हा नियम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेली रचना बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो बॉनेटखालचा काढेल. म्हणून ही गाडी खासगी मैदानातल्या शर्यतींपुरती, रस्त्यावर नाही, असं आधीच ठरलंय. जुना मॅनिफोल्ड पोत्यात बांधून डिकीत ठेवला जातो. पुढंमागं लागला तर परत चढेल.

संध्याकाळी 5.50
फ्युएल पंपचा फ्यूज काढलाय. नुसता स्टार्टर. गाडी सुरू होऊ द्यायची नाही, ऑइल फक्त फिरवायचं. परतीची नळी डब्यात सोडलीय. दहा सेकंद, थांब. दहा सेकंद, थांब. पाचव्या खेपेला डब्यात सोनेरी धार पडते.

नळी जागेवर. फ्यूज आत. चावी.

पहिल्या फटक्यात सुरू. हीट रॅपमधून पांढरा धूर निघतो, मालक दचकतो. “पाणी आहे त्यातलं,” पोरगा म्हणतो. भाऊ बोलत नाहीत. टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याशी वाकून बघतात. एका क्लॅम्पपाशी फुसफुस. अर्धा आटा.

संध्याकाळी 7.30
मित्राच्या बोलेरोला दोर. रायसेन रोडच्या पुढं एक प्लॉटिंग आहे. गेट आहे, काँक्रीटचे रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, घर एकही नाही. चौकीदाराला सांगून ठेवलंय. शंभर रुपये.

रात्री 8.15
मालक चालवतो, भाऊ शेजारी, पोरगा मागं मीटर धरून. मीटर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवतं. उसनं आणलंय, विकत घ्यायचं तर अख्ख्या टर्बोहून महाग. गाडीतला मॅप सेन्सर हवेचा दाब वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, त्यावर हवा कोंबली की कॉम्प्युटरला पत्ता नसतो. म्हणून वेगळा रेग्युलेटर, जो दाब चढेल तसा पेट्रोलचाही दाब चढवतो. किती, ते स्क्रूवर.

भाऊंच्या कानात रबरी नळी आहे. दुसऱ्या टोकाला तांब्याची पाइप, चपटी ठोकून इंजिन ब्लॉकला बोल्टनं आवळलेली. या इंजिनाला नॉक सेन्सर नाही. तो आता भाऊंचा कान.

तिसरा गिअर. तीन हजार. घड्याळाचा काटा शून्य ओलांडतो. दोन, तीन, चार. गाडी पुढं झेपावते.

“सोड!”

पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज, फक्त भाऊंनाच आलेला. मीटरवर 13.4. पेट्रोल कमी पडतंय. बॉनेट उघडतात, स्क्रू पाऊण आटा. टायमिंग लाइट लावून इग्निशन दोन अंश मागं. पुन्हा. 12.3. आणखी पाव आटा. 11.8. आता नळीत नुसती घरघर. पाच पीएसआयला काटा थांबतो आणि थांबूनच राहतो.

मालकाचा चेहरा फुललाय. “भाऊ, आठ करता येईल?”

“येईल. हेड उतरवायचं, कॉम्प्रेशन कमी करायचं, सात हजार वेगळे. नाहीतर असंच आठ कर अन् पिस्टन झोळीत घेऊन ये.”

“मग पाच बरं.”

“पंच्याण्णवचंच पेट्रोल टाकायचं. अन् बंद करायच्या आधी दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. ऑइल जळते आत.”

रात्री 9.40
शेडमध्ये हिशेब. सामान 28,500, मजुरी बारा हजार. चाळीसच्या वर पाचशे गेलेत. मालक चाळीस मोजतो आणि थांबतो. भाऊ पाचशेचं काही बोलत नाहीत, डायरीत ‘बाकी’ असं लिहितात. पोराला साडेचारशे आणि वर शंभर. उसनं मीटर उद्या सकाळी नऊच्या आत परत द्यायचंय, म्हणून ते पिशवीत घालून स्कूटरच्या हँडलला अडकवतात. उद्या मग एका वॅगन आरची क्लच प्लेट. मजुरी बाराशे, संध्याकाळपर्यंत हातात.