ब्रूजची सहल : आई-बाबांना सोबत घेऊन जाताना



एप्रिल उजाडला की आपल्याकडे भारतातून आई-बाबा, सासू-सासरे येऊ लागतात. लंडन झालं, स्टोनहेंज झालं, न्यू फॉरेस्टमधले घोडे पाहून झाले की घरोघरी पुढचा प्रश्न येतो, "यांना युरोपात कुठे नेता येईल?" आमचं उत्तर ठरलेलं आहे : बेल्जियममधलं ब्रूज. हे कालव्यांचं गाव लहान आहे, सपाट आहे आणि साउथहॅम्प्टनहून फार लांबही नाही. मात्र तिथला दिवस सुखाचा जावा असं वाटत असेल, तर काही गोष्टी घरूनच ठरवून निघायला हव्यात.

आपलं आणि ब्रूजचं नातं

मध्ययुगात व्हेनिसची व्यापारी जहाजं फ्लँडर्सला जाता-येता साउथहॅम्प्टनला थांबत. ती पूर्वेकडचे मसाले आणत आणि इथली लोकर नेत. त्या मसाल्यांतली मिरी मूळची आपल्या मलबार किनाऱ्यावरची! बंदराजवळचं जुनं 'वूल हाऊस' आपण येता-जाता पाहतो, ते त्याच लोकरीच्या व्यापाराचं कोठार.

ब्रूज त्या काळी उत्तर युरोपातली मोठी बाजारपेठ होती. ११३४ सालच्या वादळात समुद्राने झ्विन नावाची खाडी उघडून दिली आणि गावाचं नशीब उघडलं. पुढे तीच खाडी गाळाने भरत गेली, इतरही कारणं घडली आणि १५००च्या सुमारास व्यापार अँटवर्पकडे गेला. गाव मागे पडलं, आणि म्हणूनच जुन्या विटांची घरं, पूल आणि कालवे बऱ्याच अंशी तसेच राहिले. २००० साली युनेस्कोने या जुन्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

व्हिसा : हे आधी वाचा

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ब्रिटनचा व्हिसा असला तरी बेल्जियमसाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. क्रूझने जाऊन फक्त दिवसभर उतरायचं असेल तरीही तो लागतो, हे गृहीत धरूनच बुकिंग करा. नियमाप्रमाणे शेंगेन व्हिसाचा अर्ज आपण जिथे राहतो त्या देशातून करायचा असतो. इथे पाहुणे म्हणून आलेल्यांना, इथूनच अर्ज का करावा लागतोय याचं सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून आई-बाबांचा शेंगेन व्हिसा त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच काढावा. आमच्या सगळ्या सूचनांत ही पहिली. बाकीचं चुकलं तर फार तर पाय दुखतील, पण हे राहिलं तर आई-बाबा घरी आणि तिकिटं वाया!

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिसला चार रात्री आणि ब्रूजला एक असेल, तर अर्ज फ्रान्सकडे. ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहून घ्या, कारण परत यायचंय!

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही ती लागू आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. थोडा जादा वेळ हाताशी ठेवा.

कसं जावं?

गाडीने : साउथहॅम्प्टन ते फोकस्टन अडीच-तीन तास, बोगद्याच्या गाडीने ३५ मिनिटांत कॅले, तिथून सव्वा-दीड तासात ब्रूज. ज्येष्ठांसाठी हेच सोयीचं. हवं तिथे थांबता येतं आणि सामान उचलावं लागत नाही. नंबर प्लेटवर 'यूके' नसेल तर तसं स्टिकर लावा. गाडी स्टेशनजवळ ठेवा, गावातल्या गल्ल्यांत घालू नका.

रेल्वेने : वॉटर्लूला उतरून सेंट पँक्रस, युरोस्टारने सुमारे दोन तासांत ब्रसेल्स, पुढे तासाभरात ब्रूज. पाट्यांवर डच नाव असतं, त्याचा उच्चार 'ब्रुख्ख'च्या जवळ जातो. स्पेलिंग वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

क्रूझने : आपल्याच बंदरातून निघणाऱ्या काही छोट्या सफरी झीब्रुगाला थांबतात. ब्रूज तिथून साधारण १५ किलोमीटरवर आहे. बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, बसनेच बाहेर पडावं लागतं. घड्याळ एक तास पुढे असतं. जहाजावरची वेळ आणि गावातली वेळ एकच आहे का, हे उतरण्यापूर्वी विचारा.

एक रात्र राहाच

ब्रूजमध्ये गर्दी असते ती साधारण अकरा ते चारच्या दरम्यान. सहलींच्या बसेस परतल्या की गाव शांत होतं. कालव्यांत दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, आणि आई-बाबांना बाकावर निवांत बसता येतं. गाडीने किंवा रेल्वेने जाणार असाल तर एक रात्र राहण्याचा खर्च आम्हाला पूर्णपणे वसूल वाटतो.

स्टेशनहून मध्यवर्ती चौक, म्हणजे मार्क्ट, वीस मिनिटांच्या चालीवर आहे. बसही मिळते. चालणार असाल तर मिन्नेवाटर तळ्याकडून जा : राजहंस, झाडं आणि लगेच पुढे १२४५ सालचा बेगाइनहोफ. धर्मनिष्ठ स्त्रियांची ही जुनी वस्ती. पांढरी घरं, मधे मोठं अंगण. आत शांतता पाळायची असते. मुलांना आधीच सांगून ठेवा.

कालव्यातल्या होड्या मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. फेरी अर्ध्या तासाची. चढण्याचे पाच धक्के आहेत, पण मार्ग सगळ्यांचा सारखाच. म्हणून रोझेनहूडकायच्या लांब रांगेत उभं न राहता दुसरा धक्का शोधा. होडी उघडी असते आणि चढ-उतार करताना पायऱ्या लागतात. गुडघेदुखीवाल्यांनी आधी धक्का पाहून ठरवावं. होडी जमली नाही तर ग्रूनेराय आणि लांगेराय या कालव्यांच्या काठाने सावकाश फिरा. पूर्वेच्या बाजूला जुन्या तटावर चार पवनचक्क्याही आहेत.

घंटाघराला ३६६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तरुण मंडळींनी वेळ आधी बुक करून चढावं, ज्येष्ठांनी खाली चौकात घंटा ऐकाव्यात. मायकेलअँजेलोची संगमरवरी 'माता आणि बालक' ही मूर्ती मात्र सगळ्यांनी पाहावी. ती अवर लेडी चर्चमध्ये आहे. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा बूट मऊ तळव्यांचे आणि बाबागाडी मोठ्या चाकांची हवी.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी मंडळींनी इथे लक्ष द्या. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राईज पारंपरिक पद्धतीने गाई-बैलांच्या चरबीत तळतात. बऱ्याच ठिकाणी आता वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. इंग्रजी सगळ्यांना समजतं. वॉफलमध्ये अंडं असतं, काही चॉकलेटांत मद्य असतं, आणि जांभळ्या शंकूसारख्या 'क्युबरडॉन' गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. रेस्टॉरंटमध्ये साधं पाणी फुकट मिळेलच असं नाही. बाटल्या भरून ठेवा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ असू द्या.

घरून डबा नेताना एक लक्षात ठेवा : ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. दही, पनीर, चीज घरीच ठेवा. तेलावरच्या पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि चिवडा यांवर दिवस मजेत निघतो. येतानाही चीज आणण्याआधी नियम पाहा. ब्रिटननेही एप्रिल २०२५ मध्ये युरोपातून असे पदार्थ आणण्यावर बंदी घातली. चॉकलेट मात्र खुशाल आणा!

शेवटी एवढंच. ब्रूजमध्ये पाहण्यासारखं खूप आहे, पण सगळं पाहायलाच हवं असं नाही. आई-बाबांच्या चालीने चाला, दर तासाला बसा, दुपारी खोलीवर पडा आणि संध्याकाळी पुन्हा कालव्यावर या. ते पुण्याला किंवा कोल्हापूरला परत गेल्यावर शेजाऱ्यांना सांगतील ते याच संध्याकाळबद्दल, असं आम्हाला वाटतं.

शुभ प्रवास!