एकच घर, दोन कर

आमच्या किनाऱ्यावर जमिनीच्या गप्पांना हंगाम लागत नाही. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट लागली, १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत चहाच्या टपरीवर गुंठ्याचा भाव पावसापाण्यासारखा बोलला जाऊ लागला. विकणाऱ्याच्या हातात शेवटी किती उरणार, हे मात्र विचारले की सगळे गप्प. ते ठरवतो भांडवली नफ्यावरचा कर.

हा कर स्वातंत्र्याहून थोडा जुना आहे. फेब्रुवारी १९४७मध्ये अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी तो आणला. १९४९मध्ये तो गेला आणि १९५६ साली निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाच्या शिफारशीनंतर टी. टी. कृष्णमाचारी यांनी परत आणला. वाद तेव्हापासूनचाच. एक बाजू म्हणते, घाम गाळून मिळवलेल्या पगारावर कर आहे, मग बसल्या जागी वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर का नको? दुसरी म्हणते, कर जड झाला की माणूस मालमत्ता धरून बसतो, विकतच नाही. (आमच्याकडच्या बंद घरांना कराहून भावकी जास्त जबाबदार आहे, ते सोडा.)

मला विचाराल तर खरी गोम ‘नफा’ या शब्दातच आहे. शब्द मूळचा अरबी, अर्थ फायदा. पण २००१ साली ५ लाखांचे असलेले घर आज २० लाखांना गेले, तर १५ लाखांचा फायदा झाला का? त्या ५ लाखांत तेव्हा जे येत होते, ते आज किती रुपयांत येते? हे ओळखून १९९२च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी महागाईचा निर्देशांक आणला. मूळ किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवायची आणि उरलेल्या रकमेवरच कर घ्यायचा. घर २००१च्या आधीचे असेल, तर १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत मूळ धरता येते. मात्र ती त्या दिवशीच्या मुद्रांकाच्या सरकारी दराहून जास्त लावता येत नाही. घर वारशाने आले असले, तरी हिशेब हाच.

२३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी घर-जमिनीवरचा हा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. कानाला गोड वाटले. पण त्याच दमात निर्देशांकही काढून घेतला. आता कागद-पेन्सिल घ्या.

घराची २००१ची किंमत ५ लाख. २००४-०५ नव्हे, २०२४-२५ या वर्षाचा निर्देशांक ३६३, म्हणजे वाढवलेली किंमत १८ लाख १५ हजार. घर ४० लाखांना विकले, तर जुन्या रीतीने कर ४ लाख ३७ हजार, नव्या रीतीने ४ लाख ३७ हजार ५००. फरक पाचशे रुपयांचा. मग हेच घर समुद्राला लागून आहे म्हणून १ कोटीला गेले असे समजा. जुना कर १६ लाख ३७ हजार, नवा ११ लाख ८७ हजार ५००. आणि आत, डोंगराकडेला आहे म्हणून २५ लाखांनाच गेले, तर? जुना १ लाख ३७ हजार, नवा अडीच लाख. (सेस, अधिभार मी धरलेला नाही.) म्हणजे २००१पासून किंमत आठपटीहून जास्त वाढली त्याला सवलत आणि ज्याची कमी वाढली त्याच्यावर बोजा. कर कमी झाला की वाढला, याचे उत्तर तुमचे घर समुद्रापासून किती लांब आहे यावर अवलंबून!

नारळी-पोफळीच्या वाडीची गोष्ट आणखी वेगळी. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या गावांची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखाच्या आत आहे. अशा नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली, तर हा कर लागतच नाही. हे २ किलोमीटर रस्त्याने मोजायचे नाहीत, कावळा उडतो तसे सरळ मोजायचे. पण वाडी बिनशेती करून घेतली की सवलत गेली. एजंट बिनशेतीची घाई करतो तेव्हा हे सांगत नाही.

जुलैच्या बदलावर बरीच ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४मध्ये सरकारने दुरुस्ती केली. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी दोन्हींपैकी जी रीत कमी कराची, ती मिळू लागली. मात्र फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. परदेशी राहणाऱ्यांना नाही.

आमच्या मोहल्ल्यांत हे वाक्य फार दूरवर जाते. कुवेत, दुबई, दोहा इथे कोणी नाही असे घर शोधावे लागेल. समजा, थोरला भाऊ मुरुडला पेन्शनवर, धाकटा कुवेतला नोकरीला. वडिलांचे घर, दोघांचा निम्मा हिस्सा. २००१ची किंमत तीच, ५ लाख. २०२४-२५ सालीच, दुरुस्तीनंतर, घर ३० लाखांना विकले. थोरला जुनी रीत धरून १ लाख १८ हजार ५०० भरतो. धाकट्याला १ लाख ५६ हजार २५०. घर एक, खरेदीखत एक, सही एकाच दिवशी. वाळवंटात उन्हातान्हात राबून गावच्या घरावर कौले घालणाऱ्याला हा पावणेअडतीस हजारांचा भुर्दंड कशासाठी, याचे पटेल असे उत्तर मला सापडलेले नाही. दर कमी करा म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनीही आधी महागाईची वजावट सर्वांना सारखी मागायला हवी होती.

धाकट्यामागे आणखी एक लचांड आहे. परदेशस्थाला पैसे देताना खरेदीदाराने कर आधीच कापायचा असतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र नसेल, तर बहुधा नफ्यावर नव्हे, हिश्शाच्या पूर्ण रकमेवर कापला जातो आणि जास्तीचे परत मिळवायला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. हे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करून मिळते. त्यासाठी २००१चे मूल्यांकन, वारसाचे कागद आणि धाकट्याचे पॅन कार्ड लागते. अर्ज पैसे हाती येण्याआधी करायचा, विमानाचे तिकीट काढण्याच्या बऱ्याच आधी.